यंत्राचे अनुमान आणि खेळाडूचा पाय

खेळाडूचा कोणता पाय प्रबळ, हे मशीन लर्निंगने ओळखता येते असा दावा झाला की प्रश्न क्रीडाशास्त्रापुरता उरत नाही. यंत्राच्या हाती जे लागले त्याला ज्ञान म्हणावे का, हा प्रमाणशास्त्राचा, म्हणजे खरे ज्ञान कशाने मिळते या विचाराचा, प्रश्न आहे. पायाचे प्राबल्य यंत्राला प्रत्यक्ष दिसत नाही. जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेटवर पडलेला भार, गुडघ्याचा कोन, पाऊल टेकण्याचा अवधी या खुणांवरून ते अनुमान करते. अनुमानाचा सारा भार व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि साध्य यांच्या अढळ संबंधावर असतो. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही व्याप्ती नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, नाकारली, कारण धूर निघायला सरपण ओले असावे लागते. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

यंत्राच्या निष्कर्षातही उपाधी दडलेल्या असतात. डीप लर्निंग चालीवरून माणूस ओळखू शकते, हे फाबियान होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले. मग एकाच खेळाडूची पावले प्रशिक्षणात आणि चाचणीतही आली, तर यंत्र पायाऐवजी खेळाडूलाच ओळखून बरोबर उत्तर देऊ शकते. शिवाय ‘प्रबळ’ हा शिक्का मुळात माणसानेच दिलेला असतो. फुटबॉलपटू चेंडू मारतो तो पाय सांगतो; त्या क्षणी शरीर तोलणारा पाय मात्र दुसराच असतो. म्हणजे प्राबल्य पायात नसून पाय आणि कृती यांच्या संबंधात आहे.

यावर कोणी म्हणेल, खेळाडूचे सांगणे तरी कुठे विश्वासाचे? गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर पाय बरा वाटतो, पण मोजमाप त्याचा दुबळेपणा उघड करते. हे खरे आहे, म्हणून मोजमाप हवेच. पण मैदानावर पुनरागमनासाठी दुखऱ्या पायाने निरोगी पायाच्या निदान ९० टक्के कामगिरी करावी, या रूढ निकषालाही उपाधी आहे: सक्तीच्या विश्रांतीत निरोगी पायही खंगला असेल, तर गुणोत्तर उगाच चांगले दिसते. दुसरा आक्षेप असा, की भाकीत खरे ठरत असेल तर ही चिकित्सा कशाला? कारण ते अट टिकेपर्यंतच खरे ठरते. मैदान, खेळ किंवा दुखापत बदलली की कोसळते, आणि त्याची किंमत खेळाडूचा गुडघा मोजतो. तरी अनुमानच नाकारणाऱ्या चार्वाकाच्या टोकाला जाण्याची गरज नाही. यंत्राला प्रमाण जरूर मानावे, मात्र अचूकतेच्या टक्क्यांसोबत कोणती कृती, कोणते खेळाडू आणि कोणती अट, हे सांगितल्यावरच.