शरणागतीतील संकल्प आणि कार्पण्य

श्रीरामानुजाचार्यांच्या पश्चात श्रीवैष्णव संप्रदायात जो मोठा वाद उभा राहिला, त्यात मोक्ष भगवंताच्या कृपेनेच मिळतो याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद होता तो ती कृपा होण्यासाठी जीवाला काही करावे लागते की नाही, याविषयी. वेदान्तदेशिकांना प्रमाण मानणारी वडकलै शाखा मर्कटन्यायाने ओळखली जाते: वानरीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते, तशी जीवाने प्रपत्ती, म्हणजे विधिपूर्वक शरणागती, करावी. पिळ्ळै लोकाचार्यांची परंपरा चालवणारी तेंगलै शाखा मार्जारन्यायाने ओळखली जाते, कारण मांजरी पिल्लाला मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लाने केवळ अंग सैल सोडायचे असते.

हे दृष्टान्त इतके ठसठशीत आहेत की त्यांच्यामुळे मूळ विचार झाकला गेला आहे. देशिक प्रपत्तीला कृपेची किंमत समजत नाहीत. ते तिला ‘व्याज’, म्हणजे केवळ निमित्त, म्हणतात. असे निमित्तही नको म्हटले, तर एकावर कृपा आणि दुसऱ्यावर नाही असे का, याला उत्तर उरत नाही, आणि ब्रह्मसूत्रांनी प्रयत्नपूर्वक दूर केलेले वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, हे दोष ईश्वराच्या माथी येतात. लोकाचार्यांची चिंता निराळी, आणि तितकीच खरी आहे: शरण जाणे हेच साधन मानले, तर ‘मी शरण गेलो’ हाही अहंकाराचा आधार होतो. म्हणून जीवाने कृपेला नकार न देणे एवढे त्यांना पुरते. मात्र त्यांचे अनुयायीही नित्यपूजा सोडत नाहीत, ती साधन म्हणून न करता कैंकर्य, म्हणजे सेवा, म्हणून करतात.

या वादाचा निवाडा करण्यापेक्षा प्रपत्तीची परंपरेने सांगितलेली अंगे पाहणे अधिक उद्बोधक आहे. भगवंताला अनुकूल वागण्याचा संकल्प, प्रतिकूलाचा त्याग, तो रक्षण करील हा महाविश्वास आणि रक्षक म्हणून त्याचे वरण यांच्याच पंक्तीत ‘कार्पण्य’, म्हणजे आपल्या असमर्थतेची जाणीव, येते आणि या सर्वांसह आत्मनिक्षेप, म्हणजे स्वतःचा भार त्याच्यावर टाकणे, घडतो. संकल्प आणि असहायता एकाच कृतीची अंगे कशी, असा प्रश्न पडतो खरा. पण ज्याने कधी झटून पाहिलेच नाही त्याची असहायता केवळ ऐकीव असते, आणि आपली शक्ती कोठे संपते हे ती शक्ती पणाला लावल्यावाचून कोणालाही कळत नाही. या अर्थी प्रयत्नाने कृपा विकत मिळत नसली, तरी कार्पण्य खरे होते, आणि आळसाला शरणागतीचे नाव देता येत नाही.

वारकरी संप्रदायात हा प्रश्न ग्रंथांपेक्षा आचारात अधिक स्पष्ट दिसतो. आषाढीला आळंदी-देहूहून पायी निघालेला वारकरी एकादशीचा उपवास आणि वारीचा नेम काटेकोरपणे पाळतो. पण पंढरपुरात पोचल्यावर पदस्पर्शाची रांग लांबलेली असेल तर चंद्रभागेचे स्नान आणि कळसदर्शन यांवर वारी पूर्ण झाली असे मानून तो समाधानाने परततो. चालणे हे दर्शनाचे मोल असते, तर इतक्या पायपिटीनंतर त्याने विठ्ठलाकडे तक्रार केली असती. लोकाचार्य ज्याला कैंकर्य म्हणतात त्याच्याशी ही वृत्ती अधिक जुळते. नेम न चुकवण्याचा तिचा कटाक्ष मात्र देशिकांनाही मान्य व्हावा असाच आहे.