वृद्धांचें घर

वृद्धांनीं कोणाजवळ राहावें, हा प्रश्न नागपुरांतील मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं वारंवार निघतो. महालांतील कित्येक जुने वाडे मोडून तेथें सदनिका झाल्या. मुलें पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशीं गेलीं. धरमपेठेंतील पुष्कळ घरांत दोनच म्हातारीं माणसें उरलीं. एकत्र कुटुंब मोडलें म्हणून वार्धक्य दुःखाचें झालें, असें अनुमान आपण लगेच काढतों. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे.

पुत्रशोकानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षें पांडवांच्या घरीं राहिला. युधिष्ठिरानें त्यास कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. परंतु भीमाचे कठोर शब्द कानीं पडले आणि वृद्ध राजानें वनाची वाट धरिली. अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत साठीपुढील १,६०४ व्यक्तींपैकीं सुमारें ४३ टक्क्यांनीं आपणांस एकाकी वाटतें असें सांगितलें. एकटे राहणारे मात्र सुमारें १८ टक्केच होते. म्हणजे एकाकी लोकांपैकीं निम्म्याहून अधिक कोणा ना कोणाच्या सोबतींत राहत होते. सहवास निराळा व सोबत निराळी, ती ही अशी.

विधवा मातेची स्थिति याहून बिकट. चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे, अशी तिची पाळी लागते. ताट वेळेवर येतें, औषधें येतात. पण आपली म्हणावी अशी एक फळीहि तिला कोणत्याच घरांत नसते. २००७ च्या कायद्यानें आईबापांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, आणि तो योग्यच आहे. मात्र 'आई, तुला काय वाटतें?' हें विचारावयास कोणतेंहि न्यायाधिकरण मुलास लावूं शकत नाहीं.

दोष केवळ तरुणांचा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्यांस किल्ल्या सोडवत नाहींत, त्यांच्याजवळ सून किती काळ सुखानें राहील? अधिकार सोडावा, जिव्हाळा राखावा. आणि अंबाझरीवर सकाळीं भेटणाऱ्या समवयस्कांचा स्नेहहि जोडावा. सारा भार मुलांवरच टाकणें न्याय्य नव्हे.

घर एकत्र असो, विभक्त असो, वा वृद्धाश्रम असो, त्याची परीक्षा एकच. दारीं आलेल्या जुन्या मैत्रिणीस 'बैस, चहा घेऊन जा' असें म्हणण्यापूर्वीं ज्या वृद्धेस कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, ती आपल्या घरांत आहे. बाकीच्या साऱ्या जणी, पोटच्या मुलाकडे असल्या तरी, पाहुण्याच होत.