उष्टी भांडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारचं चिंतन लिहायची पाळी आमच्याकडे आली आहे. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे इटलीला जाऊन आलो, तेव्हापासून निपाणीच्या आणि बेळगावच्या दोन्ही ग्रुपवर विचारणा चालू आहे, "काकू, प्रवासवर्णन लिहा की." फोटो तर आम्ही तेव्हाच टाकले होते. व्हेनिसची नाव, रोमचं मोठं चर्च, आमचे हे टोपी घालून उभे. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेले, फुलं, काय काय पाठवलंत. पण फोटोत नव्हतं ते आज लिहायचं आहे. लेकीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नको."

तयारीचं फार सांगत नाही. व्हिसाला ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, बँकेची स्टेटमेंटं लागतात, लेकीनं तिकडून पत्र पाठवावं लागतं, हे सगळं जमलं. एक मात्र जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. त्यामुळे बेळगावचा कुंदा घरीच राहिला आणि कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी एवढंच गेलं. भाकरीचा डबा मांडीवर घेऊन आम्ही विमानात बसलो होतो. लेक बोलोन्याला शिकते. तिथलं विद्यापीठ युरोपातलं सगळ्यात जुनं, १०८८ सालचं मानतात. हे आम्ही इकडं किती जणांना सांगितलं असेल, तुम्हाला माहीतच आहे. केंद्रात भाजी निवडताना सांगितलं, हळदी-कुंकवाला सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं.

पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी गुरुवार आला. लेकीच्या खोलीत टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून महाराजांचा फोटो ठेवला, निरांजन लावलं. तिथं खोलीत धूर चालत नाही, म्हणून उदबत्ती नाही. आरती झाल्यावर तिनं निरांजनावर हात फिरवले आणि आम्हाला ते हात दिसले. बोटांची पेरं फुटलेली, तळव्याची सालं निघालेली. विचारलं तर म्हणाली, "साबणानं."

"कसल्या साबणानं?"

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी तिला शिष्यवृत्ती होती, ती पुढं चालू राहायची तर ठरलेल्या तारखेपर्यंत ठरावीक परीक्षा पास व्हाव्या लागतात. पहिल्या हिवाळ्यात ती पंधरा दिवस तापानं पडून होती. त्यात एक परीक्षा बुडाली आणि शिष्यवृत्ती गेली. ना ताप आम्हाला कळला, ना शिष्यवृत्ती. व्हिडिओ कॉलवर ती दिवा मागं ठेवून बसायची, चेहरा दिसायचा नाही, आणि आम्ही म्हणायचो नेटवर्क खराब आहे. तिथं विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ती एका लहान खाणावळीत आठवड्यातून चार संध्याकाळी भांडी घासत होती. वर्षभर.

गुरुबंधूंनो, खरं सांगायचं तर त्या क्षणी आमच्या तोंडातून पहिला प्रश्न काय निघाला? "त्या ताटांत काय काय असतं?" बोलोन्या हे मांसाच्या पदार्थांसाठी नावाजलेलं गाव आहे, एवढं दोन दिवसांत आम्हाला समजलं होतं. आपण कांदा-लसूणसुद्धा वारानुसार पाळणारी माणसं. थकतेस का, दुखतं का, हे विचारायचं सुचलं नाही. ताटात काय असतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "असतं सगळं." आणि आरतीचं ताट उचलून आत गेली.

आमचे हे वेगळ्याच गोष्टीनं दुखावले. बँकेकडे घराची कागदं ठेवून कर्ज काढलंय. "यासाठी घर गहाण टाकलं काय?" एवढंच बोलले आणि मग दोन दिवस तिच्याशी एक शब्द नाही. माणूस मनानं वाईट नाही. पण त्यांच्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत पाटी उचलून यांना शिकवलं. पुढच्या पिढीनं असलं काम करायचं नाही, हा त्या घराचा जणू नेमच होता.

आणि आमचं काय? आम्ही रात्री जागे होतो आणि आमच्या डोळ्यांपुढं हा ग्रुप येत होता. लोक काय म्हणतील. देवासमोर बसून लिहितोय म्हणून लपवत नाही.

तिकिटं आधीच काढलेली, त्यामुळे शनिवारी फ्लॉरेन्सला जाणं भाग होतं. जलद गाडी चाळीस मिनिटांत पोहोचते. पण लेकीनं स्वस्तातली काढली होती, प्रातो स्टेशनला गाडी बदलायची. (तिकडं अशा साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का उठवून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. आमच्या ह्यांना कोण सांगणार, बोलणं बंद! पोरगीच तिन्ही तिकिटं घेऊन पळत गेली.) आम्हाला वाटलं आता चर्च, पुतळे, चित्रं बघायची. ती म्हणाली, "आधी एका ठिकाणी जाऊ. आपल्याकडचे एक जण आहेत तिथं."

शहराच्या पश्चिमेला नदीच्या कडेनं कॅशिने नावाची मोठी बाग आहे, तीन-साडेतीन किलोमीटर लांब. तिच्या पार टोकाला न्यायचं होतं. पुढं लेक, मध्ये आम्ही, मागं हे. चालत चालत बाग संपली आणि तिथं चार खांबांची एक रंगीत छत्री उभी होती. अगदी आपल्याकडच्या घाटावर असते तशी. छत्रीखाली एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं.

ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ताराराणींचे यजमान ते पहिले, हे दुसरे. १८७० साली ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं २०. तेव्हा तिकडं प्रेत जाळायची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून रात्री त्यांचं दहन झालं, आणि जागा कुठली निवडली? जिथं मुन्योने नावाची लहान नदी आर्नो नदीला मिळते, ती. बरोबरच्या माणसांनी परक्या मुलखात संगम शोधला हो. १८७४ मध्ये तिथं हे स्मारक झालं. आता जवळच्या मोठ्या पुलालासुद्धा लोक 'इंडियन'चा पूल म्हणतात.

आपली वाडी काय आहे? पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा. निपाणीहून पौर्णिमेला गाडी करून आपण जातो, पादुकांवर पाणी आलं की घाटावर बसून राहतो. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठचं पोरगं वीस वर्षांचं होऊन त्या दुसऱ्या संगमावर राख झालं. सोबत नोकर-चाकर होते, इंग्रज अधिकारी होता. पण कपाळावर हात ठेवणारं घरचं माणूस? छत्रपती होते तरीसुद्धा.

आमचे हे पायरीवर बसले. लेक जरा लांब उभी होती. म्हणाली, "ताप उतरल्यावर मी इथं आले होते. एकटीच. वर्गातल्या एका कोल्हापूरच्या मुलानं सांगितलं होतं. दुपारभर बसले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी त्या खाणावळीत काम मागायला गेले."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ह्यांनी विचारलं, "जेवायला काय देतात गं तिथं तुला?"

दोन दिवसांनंतरचा हा पहिला शब्द. ती सांगायला लागली. मालकीणबाई सत्तरीच्या आहेत, ही मांस खात नाही म्हणून तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात चवळीसारख्या शेंगदाण्यांची, म्हणजे आपल्या राजम्यासारख्या कडधान्याची आमटी ठेवतात. तापात आठ दिवस खोलीवर सूप त्यांच्याच शेजारणीनं पोहोचवलं होतं, तिथूनच ओळख झाली. सांगता सांगता तिला रडू आलं. ह्यांनी पिशवीतून भाकरीचा डबा काढला. त्या छत्रीच्या सावलीत तिघांनी कडक भाकरी आणि चटणी खाल्ली. एक तुकडा आम्ही पुतळ्यापुढं ठेवला. बरोबर केलं की नाही माहीत नाही, ठेवावंसं वाटलं.

आता चिंतनाचं.

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण श्रीगुरुचरित्राचा अठरावा अध्याय ऐकतो. आपल्या वाडीच्या परिसरातलीच कथा, अमरापूरची. गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी ते कुटुंब घेवड्याच्या शेंगा शिजवून पोट भरायचं. श्रीगुरू त्यांच्याकडे भिक्षेला आले, ती भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बाई रडायला लागली. आमच्या तोंडचा घास काढला म्हणाली. नवरा तिला समजावतो, गुरूंना बोल लावू नको. मग तो वेलाचं मूळ खणून काढायला जातो आणि मातीखाली धनाचा घडा लागतो.

ही कथा आम्ही वीस-बावीस वर्षं ऐकतोय. दरवेळी वाटायचं, ती बाई किती अजाण. आता कळलं, ती बाई म्हणजे आम्हीच. आमच्या दारात कुठला वेल होता? लोकांनी केलेलं कौतुक. "काकूंची लेक इटलीत." त्या शेंगांवर आम्ही जगत होतो की. तो वेल उपटला गेला तेव्हा आम्हीसुद्धा रडलो आणि मनात म्हटलं, महाराज, एवढी सेवा केली त्याचं हे फळ?

घडा सापडला असं म्हणायचं धाडस आमचं नाही. कर्ज आहे तसं आहे. परीक्षा अजून दोन राहिल्यात. पण लेक आमच्याशी आता दिवा पुढं ठेवून बोलते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाप्रसादाला भांड्यांची सेवा मिळावी म्हणून आपण बायका किती धडपडतो! नावं आधी लिहून ठेवतो. राजसूय यज्ञात प्रत्यक्ष भगवंतांनी उष्ट्या पत्रावळी उचलल्या, हे महाराजांच्या प्रवचनात ऐकून आपले डोळे भरतात. पाचशे ताटं घासून पदर खोचलेले फोटो आम्ही स्वतः या ग्रुपवर टाकलेत. आणि तेच काम आमच्या पोरीनं केलं तर घराला बट्टा? कुणी म्हणेल, तिथं पैसे घेऊन केलं, ते काम झालं, सेवा नव्हे. म्हणू दे. आपण वर्षातून दोनदा घासतो आणि घरी येऊन पाठ दुखते म्हणून दोन दिवस पडून राहतो. ती रात्री बारापर्यंत घासून सकाळी आठला वर्गात बसत होती. आणि आईबापांना वाईट वाटू नये म्हणून आम्हाला काही सांगत नव्हती. तिनं का सांगितलं नाही, हा प्रश्न आम्हालाच जास्त टोचतो. आमच्या घरात वाईट बातमी आणायला पोरांना भीती वाटते, हे त्यातून उघड झालं. तुमच्याही घरातलं कुणी लांब असेल, पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर दुबईत. फोनवर "सगळं बरं आहे ना?" असं आपण विचारतो, त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. "हो" म्हणण्यावाचून लेकराला वाट ठेवत नाही.

म्हणून त्या कामाचा उदो उदोही करायचा नाही. अभ्यास मागं पडला हे खरं आहे. सगळं बोलून झाल्यावर चार संध्याकाळींच्या दोन केल्या. उरलेल्याचं ह्यांनी बघतो म्हटलंय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून म्हटलं, ती जागा दाखव. मागच्या दारानं गेलो. मालकीणबाईंनी दोन खुर्च्या आणून दिल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्यांना येत नाही. ह्यांनी हात जोडले. त्या बाईंनी ह्यांचे जोडलेले हात तसेच आपल्या दोन्ही हातांत धरले आणि काहीतरी भरभर बोलल्या. लेकीला विचारलं काय म्हणाल्या, तर लाजून म्हणाली, "काही नाही, मी ताटं फोडत नाही म्हणाल्या."

परवा सीमेवरच्याच एका गावचा मुलगा तिकडं शिकायला गेला, त्याच्याबरोबर हातांना लावायला कोकमाचं तेल पाठवलं आहे.

गुरुपौर्णिमेच्या महाप्रसादाची यादी सेवेकरी ताईंकडे चालू आहे. वाढपाला नावं भरली. भांड्यांना अजून सहा जण हवेत. आमच्या ह्यांनी इतकी वर्षं देणगीच्या पावत्या फाडल्या, यंदा त्यांनी भांड्यांत नाव दिलं आहे, तेव्हा पावतीच्या टेबलावरही एक माणूस लागेल. ज्यांना जमेल त्यांनी रविवारपर्यंत कळवावं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥