ऐकणाऱ्यांच्या शेजारी कोण बसलंय?

युद्ध का पेटतं आणि कसं थांबतं, यावरचं संशोधन बहुतांशी संशोधकच वाचतात. म्हणून ऑस्लोच्या ‘पीस रिसर्च इन्स्टिट्यूट’सारख्या संस्था आता पॉडकास्ट काढतात, छोटे व्हिडिओ करतात. चांगलंच आहे. सोपं करताना काय निसटतं, याचीही चर्चा होते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एरिका चेनोवेथ यांनी 2013च्या एका व्याख्यानात सांगितलं, की लोकसंख्येच्या 3.5 टक्के लोक सक्रिय झाल्यावर अपयशी ठरलेली चळवळ त्यांच्या अभ्यासात आढळली नाही. व्हिडिओ गाजला, आकडा आंदोलकांच्या तोंडी बसला. बहरीन आणि ब्रुनेईचे अपवाद त्यांनी 2020मध्ये नोंदवले, पण तोवर निरीक्षणाचा नियम होऊन गेला होता.

मला याहून वेगळी गोष्ट खुपते. पॉडकास्ट माणूस एकट्यानं ऐकतो. एकत्र ऐकण्यानं काय घडतं, ते रवांडात दिसलं.

रवांडातल्या 1994च्या वंशसंहारात आरटीएलएम या रेडिओ केंद्रानं उघड चिथावणी दिली होती. दहा वर्षांनी तिथल्याच रेडिओवर ‘मुसेकेवेया’ नावाची मालिका सुरू झाली. हिंसा पायरीपायरीनं कशी चढते आणि बघे गप्प राहिल्यानं तिला कसं बळ मिळतं, हे मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांचं संशोधन तिच्या कथानकात मुरवलेलं होतं. दोन टेकड्यांवरची दोन गावं, जमिनीवरून तंटा, चिथावणारे पुढारी आणि दोन्हीकडच्या घरांना न रुचणारं एक प्रेम. हुतू-तुत्सी या दोन समाजांची नावं न घेताही ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं.

अमेरिकी संशोधक एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी वर्षभर काही गटांना ही मालिका ऐकवली, तर काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका. 2009मध्ये आलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता: ‘मुसेकेवेया’ ऐकणाऱ्यांची वैयक्तिक मतं फारशी बदलली नाहीत. बदलली ती आपल्या लोकांत काय चालतं, याची समजूत. शेवटी गटांना टेप आणि कॅसेटी भेट दिल्या. त्या कुणी सांभाळायच्या? आरोग्याची मालिका ऐकलेल्यांनी त्या बहुधा गावच्या अधिकाऱ्याच्या हवाली केल्या. ‘मुसेकेवेया’वाल्यांनी वाद घातला, एकमेकांना खोडून काढलं आणि मिळून सांभाळायचं ठरवलं. हा बदल मालिकेचा की शेजारी बसलेल्या माणसाचं हसणं-हळहळणं दिसल्याचा? माझ्या मते दोन्हींचा. इअरफोन लावलेल्याला शेजारच्याचा चेहरा दिसत नाही.

हे आपल्याकडे नवं नाही. 1956मध्ये आकाशवाणी आणि युनेस्कोनं पुणे, नाशिक, कोल्हापूरसह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. विषय शेतीचे होते, शांततेचे नव्हेत. पण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत दिसलं, की ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माहिती जितकी रुजली, तितकी नुसता रेडिओ असलेल्या गावांत रुजली नाही.

मग प्रत्येक भागाच्या शेवटी ‘चर्चा करा’ म्हटलं की झालं? इथेच पाय घसरतो. पूर्व काँगोत पॅलक यांनीच अशा एका मालिकेला जोडून चर्चेला उत्तेजन देणारा कार्यक्रम काही प्रदेशांत ऐकवला. लोक जास्त बोलले, आणि जास्त असहिष्णूही झाले. जुनी दुखणी उगाळली गेली, नावडत्या लोकांना मदत करायची तयारी कमी झाली. तिथला संघर्ष तेव्हाही धगधगत होता, आणि बोलणं कुणी सांभाळत नव्हतं.

1956च्या त्या प्रयोगात प्रत्येक श्रोतामंडळाला अध्यक्ष होता, निमंत्रक होता. मंडळाचे प्रश्न केंद्राकडे पोचवायचे, हे निमंत्रकाचं काम. आजच्या शांतता-पॉडकास्टच्या खर्चात मायक्रोफोन, संकलन आणि जाहिरात यांच्याआधी मी या निमंत्रकाचं मानधन लिहीन, श्रोते निम्मे झाले तरी चालतील.