गोळी गिळून पोटाचा प्रश्न सुटत नाही

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी फ्रिजवर किंवा देवघराच्या खणात गॅसच्या गोळ्यांची पट्टी पडलेली असते. कुणी लिहून दिली, असं विचारलं की उत्तर येतं, "बाई, मेडिकलवाल्यानं दिली." कधीपासून घेता? "असेल दोन-तीन वर्षं." डॉक्टरांना दाखवलं का? यावर मात्र मान खाली जाते. आठवीत मी तुमच्याकडून पचनसंस्थेची आकृती काढून घेतली. अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडं, मोठं आतडं, सगळ्यांना नावं देऊन तुम्ही मार्क मिळवलेत. आज तुम्ही पंचेचाळिशी-पन्नाशीचे आहात, आणि त्या अख्ख्या आकृतीसाठी तुमच्याकडे 'गॅस' हा एकच शब्द उरला आहे. छातीत जळजळलं, गॅस. वजन उतरलं, गॅस. शौचाला काळं झालं, तरीही गॅसच. आज मी गोड बोलणार नाही. खाली बसा आणि ऐका.

पोटविकारतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसची साडेपाच वर्षं, त्यानंतर एमडीची तीन आणि डीएमची आणखी तीन वर्षं लागतात. बेरीज करा, साडेअकरा. एवढं शिकलेल्या माणसासमोर बसून तुम्ही म्हणता, "डॉक्टरसाहेब, पोट बरोबर नाही, काहीतरी द्या." त्यांनी दारूचं विचारलं की "कधीमधी." तंबाखूचं विचारलं की बायकोकडे बघून "नाही." वडील कशानं गेले, असं विचारलं की "पोटाचंच काहीतरी होतं." खोट्या आणि अर्धवट माहितीवर कोणता डॉक्टर तुमचा आजार टाळू शकेल? आजार टाळायचा तर डॉक्टरांना तुमची सोबत लागते. ती द्यायची नसेल तर त्यांच्या दवाखान्यात जाऊन त्यांचा वेळ घेऊ नका.

सोय नाही, असं मला सांगू नका. जबलपूरमध्ये १९५५ पासून मेडिकल कॉलेज आहे. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे, आयुधनिर्माण्या इथे, वीज कंपन्यांचं शक्तिभवन इथे. आपल्या मराठी घरांतली निम्मी माणसं याच नोकऱ्यांवर वाढली. रेल्वेला आणि कारखान्यांना स्वतःची रुग्णालयं आहेत. वैद्यकीय कार्ड खिशात घेऊन हिंडणारे तुम्ही दुखणं मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर मिटवता. मग रक्ताची उलटी झाली की रात्री गाडी काढायची आणि सिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटर नागपूर गाठायचं. लग्नाच्या खरेदीला, बारशाला, मावशीच्या सत्तरीला तुम्ही नागपूरला जाताच. त्यातल्याच एखाद्या फेरीत, चालत्या पायांनी डॉक्टरांना भेटायला काय हरकत होती?

लगेच सगळ्यांनी तज्ज्ञांकडे रांग लावा, असं माझं म्हणणं नाही. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. चार दिवसांची जळजळ, लग्नाच्या पंगतीनंतरचं अपचन तेही सांभाळतील. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर पोटविकारतज्ज्ञांची चिठ्ठी मागायचीच: शौचावाटे रक्त, डांबरासारखं काळं शौच, घास गिळताना अडकणं, कारण नसताना वजन घटणं, वारंवार उलट्या, कावीळ, पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत झालेला आणि काही आठवडे टिकलेला बदल. हे पाठ करा. मी तुमच्याकडून कविता पाठ करून घेतल्या, हे त्याहून सोपं आहे.

यातलं रक्ताचं प्रकरण सर्वांत वाईट. शहराच्या भिंतींवर 'बवासीर का शर्तिया इलाज' असं रंगवलेलं असतं. ते वाचून तुम्ही स्वतःच निदान करता: मूळव्याध. लाज वाटते म्हणून घरात सांगत नाही, मग कुणाकडून तरी पुडी आणता, जागेवर इंजेक्शन टोचून घेता. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा असतेच. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्याचा कॅन्सर होत नाही, असं कुणी सांगितलं? दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि बाहेरून बघून ते ठरत नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण आजार टाळणं म्हणजे काय ते इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काही जणांना लहान गाठी येतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, पण आतड्याचे बहुसंख्य कॅन्सर अशाच गाठींतून तयार होतात आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून अशी गाठ दिसली तर ती तेव्हाच काढून टाकता येते. म्हणजे कॅन्सर होण्याआधीच त्याची वाट बंद होते. अमेरिकेत २०२१ पासून, कोणताही जादा धोका नसलेल्यांनाही ४५ व्या वर्षापासून तपासणीचा सल्ला दिला जातो. भारतात या कॅन्सरचं प्रमाण तिथल्यापेक्षा कमी आहे. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कॅन्सर धरले आहेत, आतड्याचा नाही. याचा अर्थ असा की तुम्हाला बोलवायला कुणी दारात येणार नाही. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर तुमची तपासणी चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू व्हायला हवी. वडिलांना ४८ व्या वर्षी झाला असेल तर तुम्ही ३८ व्या वर्षी डॉक्टरांसमोर बसलेलं पाहिजे. वडिलांचं वय माहीत नसेल तर आजच काकांना फोन करा. आणि तपासणी ठरलीच तर आदल्या दिवशीचं औषध शेवटच्या घोटापर्यंत प्या. "चव फार वाईट, अर्धं ओतून दिलं," असं करणाऱ्याचं आतडं साफ होत नाही, गाठ दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

मुलींनो, आता तुम्ही. घरात सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलं-सुरलं खायचं, दम लागला तरी बोलायचं नाही, हिमोग्लोबिन कमी निघालं की लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि गप्प बसायचं, हा शहाणपणा तुम्हाला मी शिकवलेला नाही. पाळी चालू असताना रक्त कमी होण्याची कारणं वेगळी असतात. पण पाळी गेल्यानंतरही लोह कमी निघत असेल तर रक्त जातंय कुठे, हे शोधावं लागतं. ते जठरातून किंवा आतड्यातून थेंबाथेंबानं जात असू शकतं आणि डोळ्यांना दिसत नाही. पुरुषांनाही हाच नियम. नुसत्या गोळ्यांनी आकडा वर येईल आणि कारण आत तसंच राहील. वर्षानुवर्षं शौच दाबून ठेवणाऱ्या, सकाळचा डबा आधी आणि स्वतःचं पोट मागाहून असं मानणाऱ्या बायकांनी हे दोनदा वाचावं.

पुन्हा त्या पट्टीकडे येते. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या चांगल्या आहेत. योग्य माणसाला, योग्य काळ दिल्या तर अल्सर भरून येतो. पण त्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या, हे तुमच्यापैकी कितींना माहीत आहे? जेवून ढेकर आल्यावर घेऊन काय उपयोग? वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, म्हणून किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांनी दीर्घकाळ घ्यायला सांगितल्या असतील तर माझं ऐकून त्या परस्पर बंदही करू नका. दुसऱ्या हातानं तुम्ही गुडघेदुखीची गोळी गिळता, तीही चिठ्ठीशिवाय. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी जठरात अल्सर होतात, रक्तस्राव होतो. एका गोळीनं जखम करायची आणि दुसरीनं झाकायची, याला उपचार म्हणत नाहीत.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. काळजीनं आणि तिखटानं अल्सर होतो असं सगळे मानत होते, तेव्हा बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ साली हा जिवाणू असलेलं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं. त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरन याला २००५ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच या जिवाणूला कॅन्सरकारक ठरवलं होतं. आपल्या देशात तो अनेकांच्या पोटात असतो. कुणाची तपासणी करायची आणि कुणाला औषध द्यायचं, हे तज्ज्ञ ठरवतात. पण औषध दिलं तर चौदा दिवस म्हणजे चौदाच दिवस. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्यांमुळेही जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात.

यकृताचं तर तुम्ही नावच काढत नाही, कारण ते दुखत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' लिहून येतं आणि तुम्ही म्हणता, "ते तर सगळ्यांनाच असतं." सगळ्यांना असतं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं उगाच हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला नाही. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेह, रक्तदाब आणि यकृत तिघांची चौकशी करायची. उपायही तुमच्याच हातात आहे. वजन सात ते दहा टक्के उतरवलं तर यकृताची सूजही उतरू शकते. वजन ८० किलो असेल तर सुमारे साडेपाच ते आठ किलो. हे गणित तुम्हाला सातवीत येत होतं.

हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांना २०११ पासून सरकारी लसीकरणात मिळू लागली. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. एकदा रक्त तपासा आणि संसर्ग नसेल तर लस घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्ही हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. आणि ती चूर्णं, तो गुळवेलीचा काढा! २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यावर वाद झाला, तो जाणकारांचा. तुमचं काम एवढंच की पोटात जाणारी प्रत्येक वस्तू डॉक्टरांना सांगायची. 'ते काय औषध थोडंच आहे' म्हणून लपवायची नाही.

खाण्यावर लांबण लावत नाही. सकाळी पोहे-जलेबी आणि संध्याकाळी खव्याची जलेबी हा आपल्या शहराचा लाड आहे, तो सणावारी करा. रोजच्या ताटात भाजी, डाळ, ज्वारी, फळं यांतून प्रौढ माणसाला २५ ग्रॅम तरी तंतू मिळावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मैद्याच्या कचोरीतून ते मिळत नाहीत. गुटख्यावर २०१२ साली सर्वांत आधी बंदी घातली ती आपल्याच मध्य प्रदेशानं. त्याच राज्यात राहून तुम्ही पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी घेऊन हातावर मिसळता. तंबाखू फक्त तोंड जाळत नाही. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, सगळीकडे कॅन्सरचा धोका वाढवते.

आणि ते 'फुल बॉडी चेकअप'! मोबाइलवर सवलत दिसली की तुम्ही पैसे भरता, साठ आकड्यांचा कागद आणता आणि कॅन्सरच्या रक्तचाचणीचा आकडा नॉर्मल आहे म्हणून पेढे वाटता. ती सीईए नावाची चाचणी कॅन्सरच्या रुग्णावर लक्ष ठेवायला असते, निरोगी माणसाला निर्धास्त करायला नाही. कोणती तपासणी करायची, हे तुमचं वय, घराण्याचा इतिहास आणि लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतात.

आता काम लिहून घ्या. एक कोरा कागद घ्या. त्यावर सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन लिहा. शौचाची वेळ, सवय आणि तिच्यात झालेला बदल लिहा. चालू असलेलं प्रत्येक औषध, चूर्ण आणि काढा लिहा. दारू आणि तंबाखूचा आकडा खरा लिहा. घरात कुणाला कोणता आजार कोणत्या वयात झाला, ते लिहा. कागद घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, मला पोटविकारतज्ज्ञांकडे जायची गरज आहे का? ते पाठवतील तर तिथे तीन गोष्टी विचारा: माझा धोका किती, कोणती तपासणी कधी आणि पुन्हा कधी यायचं. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी जा. बरं वाटतंय म्हणून टाळू नका. बरं वाटत असतानाच जायचं असतं.

मला तुमच्यावर राग आहे, तो एवढ्यासाठी की यातलं बरंचसं टाळता येतं आणि तुम्ही टाळत नाही. दत्तमंदिरात भेटलात की पाया पडायला वाकू नका. कागद लिहिला का, हे मी विचारणार आहे, आणि 'बाई, वेळ मिळाला नाही' हे उत्तर मी वर्गातही कधी ऐकून घेतलं नव्हतं.