आजीचा होकार

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत एक आजी राहत होती. भातलावणी उरकली आणि तिचं डोकं जड पडू लागलं, घेरी येऊ लागली. पौडच्या सरकारी दवाखान्यात जायचं तर दिवस मोडणार, मजुरी बुडणार. आजी दुखणं अंगावर काढत राहिली.

एके दिवशी आशाताई आली. म्हणाली, "आजी, आता उपकेंद्रात ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं. तुमचं आरोग्याच्या नोंदींचं आभा कार्डही काढू. आधार नंबर द्या, मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा."

आजीनं मान हलवली. "नंबर नको नि अंगठा नको, बाई."

1921 साली सेनापती बापटांच्या मागं मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, त्यांत तिचे आजेसासरे होते. तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. तेव्हापासून सरकारी कागद म्हटला की त्या घराच्या पोटात गोळा यायचा.

आशाताईनं वाद घातला नाही. "कार्ड राहू द्या. सक्ती नाही. नुसतं बीपी तपासायला चला, मी येते सोबत."

उपकेंद्रातल्या ताईंनी दंडाला पट्टा बांधला. बीपी बरंच वाढलं होतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना पडद्यावर बोलावलं. बाईंनी आधी विचारलं, "लावणी झाली का, आजी?" आजी काही बोलेना. बाहेर बाकावर वाडीतलीच माणसं बसली होती. ताईंनी उठून दार लोटलं, तेव्हा आजी मोकळी झाली. मध्येच रेंज गेली. ताईंनी पुन्हा कॉल जोडून दिला. बाईंनी लोणचं, सुकट कमी करायला सांगितलं. गोळ्या तिथंच मिळाल्या. पाकिटावर ताईंनी पेनानं सूर्य काढला, म्हणजे सकाळी एक.

महिन्याभरात घेरी थांबली. मग आजीनंच विचारलं, "त्या कार्डाचं काय म्हणत होतीस? माझा नंबर जातो कुठं, ते आधी सांग."

आशाताईनं नीट समजावलं. आलेला मेसेज शब्दन् शब्द वाचून दाखवला. "हा आकडा फोनवरून कुणी मागितला तर द्यायचा नाही," हेही बजावलं. आजीनं कार्ड काढलं. पुढच्या खेपेला ती शेजारणीला घेऊन उपकेंद्रात गेली.

नवी सोय आली की माणसं आधी तिच्यामागचं माणूस पारखतात. ओळखीचं कुणी सोबत आहे का, आपली गोष्ट चार कानी जाणार नाही ना, औषध हातात पडतं का, आणि नको म्हटलं तरी उपचार मिळतात का, हे पाहूनच होकार देतात. ज्यांनी एकदा खूप गमावलं आहे, त्यांना जास्त वेळ द्यावा. तो त्यांचा हक्क आहे.