मनाई नाही, म्हणून जावे काय?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅपलक्रॉस गावास जाणारा ‘बेलाख ना बा’ म्हणजे गुरांची खिंड हा घाट ६२६ मीटर उंच चढतो. काही ठिकाणी पाच फुटांस एक फूट चढ, तीव्र वळणे, आणि रस्ता एका गाडीपुरता. २०१५ साली ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या पर्यटनमार्गात तो आला. आता तेथे मोटारहोम, म्हणजे आत बिछाना नि चूल असलेल्या मोठ्या गाड्याही येतात. नवशिक्यांनी व फार मोठ्या वाहनांनी जाऊ नये, अशी पायथ्याशी पाटी आहे. तो सल्ला आहे, मनाई नव्हे.

मग काय हरकत, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, हरकत समोरून येणाऱ्यास विचारावी. गाड्या समोरासमोर आल्या की एकीने बाजू देण्याच्या जागेपर्यंत मागे सरावे लागते. वळणावर मोठी गाडी मागे घेणे कठीण, म्हणून बहुधा लहान गाडीवालाच सरतो. हौस एकाची, माघार दुसऱ्याची. आणि तो दुसरा पुष्कळदा कामास निघालेला गावकरी असतो.

जन्मभर पैसा साठवून आलेल्या वृद्ध जोडप्यास ‘परत फिरा’ म्हणणे आम्हांसही जड जाते. पण शील्डेगवरून किनाऱ्याने दुसरा रस्ता आहे. तोही एकेरी, शिवाय लांबचा. मात्र चढ सौम्य, आणि समुद्र सोबतीला. (घाटात चालकाची नजर आरशावरून हलते तरी कोठे?) हिवाळ्यात बर्फाने घाट बंद पडला की गावकरीही त्याच रस्त्याने जातात.